फिनिक्स ते ब्राइस कॅन्यन: मोटरहोमची गळती आणि सोबत न्यायची पेटी

ऑक्टोबरात ॲरिझोना-युटाची फेरी मोटरहोमने करणार असाल तर आधी दोन गोष्टी सांगते. गाडी चालू असताना पाण्याचा पंप बंद ठेवा. आणि पहिल्या मुक्कामाला, सगळे नळ बंद करून, पंप चालू ठेवून पाच-दहा मिनिटं कान देऊन बसा. डोंगर, दऱ्या, सूर्यास्त याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सिंकखालच्या कपाटाबद्दल लिहितेय.

आमची गाडी जुनी, चोवीस फुटी, ट्रकच्या केबिनमागे घर चढवलेली 'क्लास सी'. आम्ही दोघं, मुलगी आणि साताऱ्याहून आलेले माझे सासरे, म्हणजे अप्पा. अप्पांची हयात एसटीच्या डेपोत गेली, त्यामुळे पाना हातात घ्यायला कारणच लागत नाही. मार्ग नेहमीचाच: फिनिक्सहून आय-१७ने फ्लॅगस्टाफ, तिथून यूएस-८९ धरून पेज, मग कनाब आणि पुढे ब्राइस. फिनिक्स साधारण ३३० मीटर उंचीवर, फ्लॅगस्टाफ २,१०० वर, आणि ब्राइसच्या कड्यावरचे कॅम्पग्राउंड २,४०० मीटरच्या आसपास. एवढी चढण, उतार आणि रस्त्याचे हादरे घराच्या नळजोडणीने सोसायचे असतात. ही जोडणी घरातल्यासारखी भिंतीत गाडलेली नसते. अर्ध्या इंचाचे पेक्स (म्हणजे लवचिक प्लास्टिकचे) पाइप, प्लास्टिकचे एल्बो आणि हाताने आवळलेले प्लास्टिकचे नट, सगळं कपाटांच्या मागून मोकळं फिरवलेलं.

पेजच्या पुढे युटाची हद्द ओलांडली की लगेच लोन रॉकचा किनारा लागतो. लेक पॉवेलच्या काठी वाळूतच गाडी लावायची, गाडीपाशी ना वीज ना नळ. (मळलेली, टणक वाट सोडू नका. जड गाडी भुसभुशीत वाळूत बसली की टो करायला येणारा सांगेल ती किंमत.) जनरेटर बंद झाल्यावर तिथे जी शांतता असते, ती गळती शोधायला एकदम सोयीची. दिवे मालवल्यावर पंपाने एकदाच 'घुर्र' केलं आणि थांबला. काही मिनिटांनी पुन्हा घुर्र. नळ कुणीच उघडला नव्हता.

हा १२ व्होल्टचा पंप पाइपांत साधारण ४५-५५ पीएसआय (दाबाचं अमेरिकी माप) दाब आला की आपोआप थांबतो आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. नळ बंद असताना तो मधूनच जागा होत असेल तर पाणी कुठूनतरी निघून चाललंय. दोन घुर्रमधलं अंतर म्हणजे गळतीचं माप. अर्ध्या मिनिटाला वाजला तर आत्ताच उठा, तासाभराने वाजला तर सकाळी बघितलंत तरी चालेल. एक अपवाद आहे. सगळं कोरडं असूनही पंप वाजत असेल, तर पंपातलाच एकदिशा व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत सोडत असतो. त्याची खूण कॅम्पग्राउंडच्या नळाला गाडी जोडल्यावर कळते: पंप बंद असतानाही पाण्याची टाकी आपोआप भरत जाते.

शोधताना बोटावर विश्वास ठेवू नका, गार प्लास्टिक ओलंच लागतं. कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि प्रत्येक सांधा खालच्या बाजूने टिपा. आधी सिंक, मग टॉयलेटच्या मागचा व्हॉल्व्ह, पंपापुढची गाळणी, वॉटर हीटरची पाठ आणि शेवटी बाहेरचा शॉवर. आम्हाला सिंकखालीच सापडलं. थंड पाण्याच्या नळाचा प्लास्टिकचा नट हादऱ्यांनी सैल झाला होता आणि दर काही सेकंदांनी एक थेंब फळीवर पडत होता. फळी फुगायला लागली होती. मोठा पाइप फुटला तर निदान लगेच दिसतं, पण असं ठिबकणं महिनोन् महिने चालतं, प्लायवूडची जमीन कुजते आणि मग पाय खाली जातो तेव्हा समजतं.

अप्पांनी आडवं पडल्या पडल्या हात पुढे केला, "टेफ्लॉन टेप दे गं." दिली नाही. या नटाच्या आत शंकूच्या आकाराचं रबरी वायसर असतं. पाणी ते अडवतं, आटे फक्त त्याला दाबून धरतात. तिथे टेप गुंडाळली तर नट पुरता बसत नाही आणि गळती उलट वाढते. निमुळत्या आट्यांच्या सांध्यांना, उदाहरणार्थ हीटरच्या मागच्या पितळी फिटिंगला, टेप हवीच. इथे मात्र नट सोडवायचा, वायसर चिरलंय का बघायचं, हाताने आवळायचं आणि मग पान्याने पाव फेरा. पावाहून जास्त नाही, प्लास्टिक तडकतं. अप्पांनी पाव फेरा दिला, आणखी द्यायचा त्यांचा हात मोठ्या कष्टाने थांबला. पुढची युक्ती मात्र त्यांचीच, डेपोतली: मार्कर पेनने नटावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. दुसऱ्या मुक्कामाला कपाट उघडून नजर टाकली की नट फिरलाय की नाही ते रेघच सांगते. आता गाडीतल्या प्रत्येक नटावर आमची काळी रेघ आहे.

पेजमध्ये पाणी, वीज आणि मैलापाणी तिन्ही जोडणाऱ्या कॅम्पग्राउंडवर गेलो. कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब किती असेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय होस जोडू नका. तो गाडीच्या बाजूला न लावता नळाच्या बाजूला लावा, म्हणजे होससुद्धा वाचतो. दाब दाखवणारा, फिरवून कमी-जास्त करता येणारा पितळी घ्या आणि ४५-५० वर ठेवा.

तिथे शेजारच्या गाडीवाल्याने खिडकीवर टकटक करून सांगितलं की तुमचा हीटर गळतोय. बाहेरच्या जाळीखाली खरंच पाणी ठिबकत होतं, पण ही गळती नव्हती. पाणी तापलं की फुगतं. हीटरच्या टाकीत वरती थोडी हवा कोंडलेली असते, ती दबून जागा करून देते. काही दिवसांत ही हवा पाण्यात विरून जाते, मग वाढलेला दाब सुरक्षा-व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतो. उपाय फुकटचा आहे: हीटर बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद करा, आतला गरम पाण्याचा एक नळ उघडा, आणि सुरक्षा-व्हॉल्व्हची दांडी वर करून वाहणं थांबेपर्यंत पाणी सोडा. दांडी खाली, नळ बंद, पाणी चालू. हवेचा कप्पा परत तयार. घाईत गरम असताना दांडी उचललीत तर हात भाजेल. आणि त्या तोंडाला बूच मारायची कल्पना डोक्यात आलीच तर तिथेच सोडून द्या. तो व्हॉल्व्ह टाकी फुटू नये म्हणून आहे.

खरी गळती ब्राइसला झाली. पार्कातल्या कॅम्पग्राउंडवर हुकअप, म्हणजे वीज-पाण्याच्या जोडण्या, नाहीत, आणि ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली जाणं तिथे नवलाचं नाही. गाडी उबदार ठेवणारी आतली भट्टी चालू होती, पाइप उबेत होते. पण बाहेरच्या शॉवरचा नळ गाडीच्या कुशीला, पातळ प्लास्टिकच्या झाकणामागे असतो. त्याला ऊब मिळत नाही. सकाळी सगळं ठीक होतं, कारण बर्फच बूच होऊन बसला होता. ऊन गाडीवर आलं, आम्ही सनराइज पॉइंटवरून परतलो आणि पायरीपाशी चिखल. पेक्सचा पाइप गोठला तरी ताणला जातो, सहसा फुटत नाही. फुटतात ती प्लास्टिकची फिटिंग, व्हॉल्व्ह, पंपाच्या गाळणीची वाटी. आमच्या शॉवरच्या नळाला केसाएवढी चीर गेली होती आणि पंप लावला की तिच्यातून फवारा उडत होता.

असा नळ घरगुती नळसामानाच्या दुकानात सहसा मिळत नाही, आणि ब्राइसच्या आसपास तर नाहीच. इथे माझं ठाम मत सांगते: मोटरहोममध्ये प्रत्येक भागाचा जादा नग बरोबर नेण्याच्या फंदात पडू नका. नेता येणारच नाहीत. त्याऐवजी कुठलीही एक शाखा कापून, तिचं तोंड बंद करून, उरलेली गाडी चालू ठेवायची सोय न्या. त्यासाठी लागतात अर्ध्या इंचाच्या दोन पुश-फिट, म्हणजे नुसत्या दाबून बसणाऱ्या, टोप्या. शार्कबाइट कंपनीच्या किंवा त्याच धर्तीच्या कुठल्याही. बाहेरच्या शॉवरला गरम आणि थंड असे दोन पाइप जातात, म्हणून दोन.

पंप बंद केला, हीटर बंद केला, आतले नळ उघडून दाब उतरवला. कपाटाची मागची फळी काढली. इथे एक अडचण येते: अमेरिकी मोटरहोमचे बरेचसे स्क्रू चौकोनी खाचेचे असतात. प्लस किंवा मायनसच्या स्क्रूड्रायव्हरने फक्त डोकं झिजतं. चौकोनी नंबर दोनचं बिट नसेल तर बाकीची पेटी असून नसल्यासारखी. मग पाइप कटरने दोन्ही पाइप काटकोनात कापले. करवतीने कापलंत तर कडेला कूस राहते आणि टोपीतली रबरी कडी चिरते. कापलेल्या टोकापासून साधारण इंचभरावर मार्करने खूण केली आणि टोपी त्या खुणेपर्यंत दाबून बसवली. 'टक' झालं म्हणजे बसली असं समजू नका, खूण झाकली गेली पाहिजे. पंप चालू करून टिश्यू लावला. कोरडा. अप्पांना हे पचलं नाही. "आवळायचं काहीच नाही? नुसतं दाबायचं?" त्या दिवशी त्यांनी त्या टोप्या ओढून ओढून बघितल्या. उरलेली सगळी सहल बाहेरच्या शॉवरवाचून पार पडली आणि कुणाचं काही अडलं नाही.

अप्पांनी साताऱ्याहून एम-सील आणलं होतं. एरवी फार गुणी माल, पण दाबाखालच्या पाइपावर, ओल्या पृष्ठभागावर ते धरत नाही. मैलापाण्याच्या टाकीच्या चिरेला किंवा ठिबकत्या निचऱ्याच्या पाइपाला, कोरडं करून घासून लावलंत तर छान. सरळ पाइपाला बारीक भोक पडलं तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप, ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत. ती घरी पोचेपर्यंत तगते. नटाच्या सांध्यावर मात्र तिचा काही उपयोग नाही.

तर माझ्या पेटीत आता हे असतं: चार टोप्या, दोन सरळ पुश-फिट कपलर आणि ते सोडवायची प्लास्टिकची चकती, हातभर पेक्स पाइप, कटर, मूठभर शंकूची वायसरं (घरगुती दुकानांत ती हमखास मिळत नाहीत, आरव्हीच्या, म्हणजे मोटरहोमच्या सामानाच्या, दुकानातून आधीच घ्या), होसची साधी वायसरं, टेफ्लॉन टेप, सिलिकॉन टेप, दोन लहान पाने, डोक्याचा टॉर्च, मार्कर, ते चौकोनी बिट. गाडीखालच्या पाणी सोडायच्या तोट्यांचं एक जादा झाकण, कारण खडी लागून ते उडतं. पंपाची जादा गाळणी. टिश्यूचा रोल तर असतोच. जुनी, १९९५च्या आधीची गाडी असेल तर पाइप करड्या रंगाचे आहेत का बघा. ते पॉलिब्युटिलीनचे असतात, त्यांना चालणारी फिटिंग वेगळी मागून घ्यावी लागतात.

गाडी चालताना पंप बंद का, तेही सांगून टाकते. ४० गॅलनची टाकी म्हणजे दीडशे लिटर पाणी. वाटेत सांधा निसटला आणि पंप चालू असेल तर तो दाब मिळावा म्हणून धावतच राहतो आणि पुढच्या पेट्रोल पंपावर तुम्ही दार उघडेपर्यंत टाकी घरात रिकामी होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू काहीच येत नाही.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी यातलं कापाकापीचं काही करू नये. आधी भाडेवाल्यांना फोन करा आणि सांगतील ते लेखी मागून घ्या. त्यांच्यासाठी रेग्युलेटर, होसची वायसरं, टिश्यू आणि टॉर्च पुरे. ताबा घेताना मात्र आवारातून हलायच्या आधी टाकीत पाणी भरायला लावा, पंप चालू करा, सिंकखाली डोकं घालून बघा, आणि फुगलेली फळी, ओलसर कोपरा दिसला तर फोटो काढा. समोरचा घाईत असतो, तुम्ही राहू नका.

पेजमध्ये सामान मिळतं, कनाबमध्येही कामापुरतं मिळतं, पुढे ब्राइसकडे फारसं काही नाही. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ॲरिझोनापेक्षा युटाचं घड्याळ एक तास पुढे असतं. पेजमध्ये साडेचार वाजताहेत म्हणून कनाबचं दुकान गाठायला निघालात, तर सव्वा तासाच्या रस्त्यानंतर तिथे पावणेसात वाजलेले असतात. आणि रविवारी त्या भागातली बरीच दुकानं उघडतच नाहीत, म्हणून कटर आणि टोप्या शनिवारीच घेऊन ठेवा.