सूर्यनमस्काराआधी गूळ-शेंगदाणे

बऱ्याच आश्रमशाळांत पहाटे उठणं, प्रार्थना, पीटी आणि मग नाश्ता असा क्रम असतो. आदल्या रात्रीचं जेवण सातला उरकलेलं. रात्रभर मेंदूला साखर पुरवून यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बराच उतरलेला असतो, आणि हडकुळ्या मुलाचा साठा मुळातच लहान. चौथ्या-पाचव्या सूर्यनमस्काराला पोर पांढरंफटक पडून खाली बसतं. सर म्हणतात, स्टॅमिना नाही. इंधनच नसेल तर स्टॅमिना येणार कुठून?

उपाय स्वस्त आहे. 15 ग्रॅम भाजके शेंगदाणे आणि 5 ग्रॅम गूळ, म्हणजे साधारण 100 कॅलरी, व्यायामाआधी अर्धा तास. सोबत पेलाभर पाणी. 25 किलोच्या मुलाच्या अर्ध्या तासाच्या मध्यम व्यायामाचा खर्च यात निघतो.

दुसरी अडचण रक्तात असते. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन 12 (म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅम) असेल तर तेवढ्या रक्तात साधारण 16 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. 8 असेल तर जेमतेम 10.7. ही तूट हृदय वेगाने धडधडून भरून काढतं. म्हणून एकाच ओळीतल्या दोन मुलांना तेच बारा नमस्कार सारखे पडत नाहीत. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत 11.5 च्या खाली रक्तक्षय धरतात, 8 च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर आधी डॉक्टर, मैदान नंतर. आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतर द्यावी, पण तिच्यावर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. आणि अनवाणी पीटी बंद करा. आसपास उघड्यावर शौचाला बसत असतील तर अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो.

मग अशा मुलांना व्यायामातून सूटच द्यावी? मुळीच नाही. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत पाहिलं, की जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून असते. रक्तातली साखर मुख्यतः स्नायूच खेचून घेतात, स्नायू कमी तर ती रक्तातच साचते. तो स्नायू वाढायला काम हवं, आणि सोबत डाळ, अंडं, दूध.

नुसत्या योगावर मात्र भागत नाही. हाडाला धक्का लागतो तेव्हा ते भरतं. तो धक्का लंगडी आणि दोरीच्या उड्या देतात, ताडासन देत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. त्यात आसनं वीसेक मिनिटं पुरे.

सुरुवात चार नमस्कारांनी, दर आठवड्याला एक वाढवत. एकाला 30 ते 40 सेकंद द्या. दहा सेकंदांत उरकला की अष्टांगासनात मूल धपकन आपटतं, भुजंगासनात कोपरं ताठ करून सगळा भार कमरेवर टाकतं. शेवटचा नमस्कार झाल्यावर तीन मिनिटांनी मनगटावर 15 सेकंद नाडी मोजून चारने गुणा. 120 च्या वर राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन नमस्कार कमी. बोलताना धाप लागत असेल तर तिथेच थांबवा.

श्वासाचं म्हणाल तर दोन अंक घ्यायचा, चार अंक सोडायचा, पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की व्हेगस नस (मेंदूतून हृदयाकडे जाणारी मज्जातंतूची दोरी) हृदयाचा वेग उतरवते. परीक्षेआधी किंवा झोपताना हे फार कामाचं. कपालभाती लहान मुलांना नको. पोरं तिची शर्यत लावतात, कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात. कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि शीर्षासनही नको.

नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलची मुलं असतात. या आनुवंशिक आजारात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांना थंडीत पहाटे किंवा भर उन्हात पळवू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी पाजा, आणि हातपाय दुखतात म्हणाली तर ते नाटक समजू नका.