अंगाला हात न लावता झालेली बॉडी थेरपी

सोमॅटिक थेरपी, म्हणजे अंगातल्या जाणिवांकडे लक्ष देत केलेला मानसोपचार, घेतली असं सांगितलं की ठरलेले प्रश्न येतात. मसाज असतो का? आसनं करून घेतात का? रेकीसारखं काही? आणि जवळची मैत्रीण असेल तर आवाज खाली आणून, "तिथे म्हणे ओरडायला, रडायला लावतात?" विचारणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. या नावाखाली आपल्याकडे इतक्या तऱ्हा चालतात की कुणाचाही गोंधळ व्हावा. पण या गोंधळापायी गरज असलेली माणसं एकतर जातच नाहीत, नाहीतर भलत्या ठिकाणी जाऊन जास्त त्रास घेऊन परततात. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या बाबतीत निमित्त झालं कसारा घाटाचं. ऐन पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला येत होतो. चढावर पुढचा भरलेला ट्रक थांबला आणि मागे घरंगळत आमच्या गाडीवर आला. नवरा चालवत होता, मी शेजारी. मागे गाड्यांची रांग, त्यामुळे रिव्हर्स घ्यायला जागाच नव्हती. ट्रकची मागची फळी काचेच्या दिशेने येताना मी पूर्ण वेळ पाहत होते. बॉनेट चेपलं, काच फुटली, आम्हाला मात्र मुका मार आणि खरचटणं यापलीकडे काही झालं नाही. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले आणि आम्ही कामाला लागलो.

त्रास सुरू झाला नंतर. नाशिकच्या द्वारका चौकात पुढे ट्रक उभा दिसला की छाती धडधडायची, बोटं गार पडायची, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. झोपेत दात खाल्ले जायचे, सकाळी जबडा दुखायचा. उजवा खांदा कानाकडे चढलेला, तो दिवसभर खाली येत नसे. आणि गाडीत शेजारच्या सीटवर बसलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नाही हे माहीत असूनही.

फॅमिली डॉक्टरांनी आधी ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ असं सगळं करून घेतलं. ते योग्यच केलं. थायरॉइडची गडबड असली किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. ती टेन्शनचीच असं धरून चालणं धोक्याचं आहे. रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात निष्कर्ष निघाला की मला काही झालेलंच नाही. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं, विसर आता." पण धडधड खोटी नव्हती. धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, त्वचेकडचं रक्त कमी होतं म्हणून हात गार पडतात. हे सगळं अंगातच घडत असतं. ईसीजीत हृदयाचा आजार सापडतो, भीती सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नाटक करतोय, हा गैरसमज मला वाटतं सगळ्यांत जास्त माणसांना गप्प बसवतो.

डॉक्टरांनीच मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं निदान केलं, एस्सिटालोप्रॅम ही नैराश्य आणि चिंतेवरची गोळी सुरू केली, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे समजावलं आणि सोबत थेरपी घ्यायला सांगितलं.

मधल्या काळात एका नातेवाईक ताईंनी आग्रहाने मला ‘ट्रॉमा रिलीज’च्या, म्हणजे मनावरचा आघात बाहेर काढून टाकायच्या एका शिबिराला नेलं. गंगापूर रोडकडचा एक हॉल, खाली सतरंज्या, मोठ्याने संगीत. सगळ्यांना आडवं झोपवून तोंडाने जोरजोरात श्वास घ्यायला सांगितला. थोड्या वेळात माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आत वळून आखडली. शिबिर घेणाऱ्यांनी "ऊर्जा मोकळी होतेय, ओरडा" म्हणत, न विचारता माझ्या छातीच्या मधोमध तळहात दाबला. आजूबाजूला लोक हमसून रडत होते. मी उठून बाहेर आले. नंतरचे कित्येक दिवस त्रास दुप्पट होता. तो मुंग्यांचा प्रकार काय, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने मुंग्या येतात, बोटं आखडतात, गरगरतं. त्यात ऊर्जेचा काही संबंध नाही. आणि कुकरची शिट्टी निघावी तसं एकदा रडून-ओरडून घेतलं की मन कायमचं मोकळं होतं, ही समजूत तर फारच पसरलेली आहे. घाबरलेल्या माणसाला पुन्हा तितकंच घाबरवून सोडलं तर तो तेवढा थकतो. बरा होतोच असं नाही.

ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमांकडे मी नंतर गेले, त्यांच्या दारावरच्या पाटीवर आरसीआयचा नोंदणी क्रमांक होता. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे होते. सोमॅटिक पद्धतीची प्रमाणपत्रं मात्र खासगी संस्था देतात, त्यामुळे मूळ शिक्षण काय आहे हे आधी पाहावं, हे मी आता प्रत्येकाला सांगते. पहिली भेट नुसती बोलण्यात गेली. झोप, गोळ्या, रक्तदाब, आधीचे आजार, जीव द्यावा असे विचार येतात का, सगळं विचारलं. मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला हात लावणार नाही. मध्ये कुठेही थांबावंसं वाटलं तर नुसता हात वर करा. कारण सांगायची गरज नाही." काही पद्धतींत स्पर्श असतो, पण तो आधी समजावून, लेखी संमती घेऊन आणि नाही म्हणायची पूर्ण मुभा ठेवून, हेही त्यांनीच सांगितलं. शिबिरात माझ्या हातातून जे काढून घेतलं होतं ते इथे पहिल्याच दिवशी परत मिळालं: थांबवायचा हक्क. पुढे जे काही झालं ते त्याच्या जोरावर झालं असं मी मानते.

दुसऱ्या वेळी वाटलं, आता डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगतील. त्यांनी विचारलं, "या खोलीत तुम्हाला कुठे बसावंसं वाटतं?" मी भिंतीला पाठ लागेल आणि दार समोर दिसेल अशी खुर्ची घेतली. डोळे उघडेच. मान सावकाश वळवून खोलीत काय काय दिसतं ते बघायला सांगितलं. पडद्याची कड, पाण्याची बाटली, खिडकीबाहेरचा गुलमोहर. हे काय उपचार, असं मनात आलं. पण उजवीकडे मान वळवताना खांद्यापाशी अडकतेय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतके महिने तो खांदा दुखत होता, पण तो नेमका केव्हा चढतो ते कधी पाहिलं नव्हतं.

श्वासाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. जो भेटेल तो दीर्घ श्वास घे म्हणतो. माझं लक्ष छातीकडे गेलं की ठोके ऐकू यायचे, आणि ठोके ऐकू आले की भीती वाढायची. लहानपणापासून योगवर्गाला जात होते, तरी त्या दिवसांत शवासनात डोळे मिटून पडणं मला सहन होत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पॅनिकचा त्रास असणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं, त्यात काही वावगं नाही. मग लक्ष छातीकडून दूर कुठेतरी न्यायचं. माझ्यासाठी ती जागा ठरली टाचा. जमिनीला टेकलेल्या टाचांचा दाब, फरशीचा गारवा. तिथे जरा स्थिर झालं की क्षणभर खांद्याकडे यायचं, परत टाचांकडे. असंच जाऊन-येऊन. श्वास सोडताना थोडा लांबवायचा हे कितीतरी नंतर आलं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून ते उपयोगी पडतं. पण जमेल तेव्हाच. योगाशी वैर नाही, आता मी पुन्हा आसनं करते. फरक एवढाच की तिथे मी एखाद्या स्थितीपर्यंत पोचायचा प्रयत्न करते, इथे कुठेही पोचायचं नसतं. काय होतंय ते बघायचं आणि जास्त व्हायच्या आत थांबायचं.

अपघाताची अख्खी गोष्ट मला खूप दिवस सांगावीच लागली नाही. सगळं पुन्हा जगावं लागतं या भीतीने माझी एक सहकारी आजही थेरपीला जात नाही, तिच्यासाठी हे लिहितेय. मॅडम एकेक लहान तुकडा घ्यायच्या. एकदा फक्त पायाचा विषय निघाला. म्हणाल्या, "ट्रक येताना पायाला काय करायचं होतं?" मला पटकन उत्तर आलं, दाबायचा होता. "मग दाबा, पण अगदी सावकाश." टाच जमिनीत दाबत नेली. मांडी ताठ झाली, गरम वाटली, मग गुडघ्याच्या वर बारीक थरथर सुरू झाली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "थांबायचंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं. थरथर आपोआप ओसरली, एक लांब जांभई आली आणि डोळ्यांतून पाणी आलं. हुंदके नाहीत, आरडाओरडा नाही. "आज एवढंच," म्हणून त्यांनी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलत बसलो. बाहेर पडून रिक्षात बसले तेव्हा जबडा सैल होता.

याचा अर्थ अपघात माझ्या मांडीत साठून राहिला होता आणि तो बाहेर पडला, असं मी म्हणणार नाही. इंटरनेटवर तसं फार वाचायला मिळतं. कुणाची कंबर, कुणाचे नितंब आठवणी धरून बसलेले. आठवण मेंदूतच असते. पण धोक्याची तयारी मेंदू शरीराकडून करून घेतो आणि शरीर सतत ताठ असलं की उलट मेंदूलाही धोका टळलेला नाही असाच निरोप जात राहतो. व्हेगस या मज्जातंतूतले बहुतेक धागे शरीराकडून मेंदूकडेच निरोप नेतात. मला समजलं ते असं, आणि तेवढं पुरेसं आहे.

पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. पीटीएसडीसाठी सगळ्यांत भक्कम पुरावा ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्या आठवणीवर काम करणारी थेरपी) या पद्धतींचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्हींची शिफारस केली. सोमॅटिक पद्धतींपैकी, अमेरिकन थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांनी सुरू केलेल्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग या पद्धतीवरचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत. २०१७ मध्ये इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ६३ जण होते आणि थेरपी घेणाऱ्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. एवढ्यावरून ही पद्धत सगळ्यांवर चालते असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. हे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. माझ्या मॅडम सीबीटी आणि सोमॅटिक, दोन्ही वापरायच्या. ‘ट्रक दिसला म्हणजे तो मागेच येणार’ या विचारावर वहीत लिहून काम, आणि तो विचार आला की अंगात काय होतं त्यावर काम. गोळ्या चालूच होत्या. "आता बॉडी थेरपी आहे ना, मग गोळ्या सोड" असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. गोळी कधी कमी करायची ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवलं आणि ती टप्प्याटप्प्याने कमी केली. अचानक सोडली तर गरगरणं, झोप उडणं, चिडचिड असा त्रास होऊ शकतो.

घाटाकडे परत जाणंही तुकड्यातुकड्यानेच झालं. आधी नवऱ्याबरोबर पाथर्डी फाट्यापर्यंत, मग विल्होळी, मग वाडीवऱ्हे. घोटीला बराच काळ अडकले. टोलनाक्याच्या रांगेत पुढे ट्रक, मागे ट्रक, पाय पुन्हा आपोआप दाबला जायचा. नवरा आधी म्हणायचा, "अगं, काही होत नाही." नंतर तो शिकला, म्हणायचा, "परत फिरायचं का? तू सांग." तो प्रश्न विचारायला लागल्यापासून परत फिरायची वेळ कमी कमी येत गेली. पुढे इगतपुरी, आणि त्यानंतर एका कोरड्या दुपारी घाट उतरलो. पावसात घाट अजूनही मला जड जातो. खांदा चढतो, पण चढतोय हे आता कळतं, आणि बहुतेक वेळा खालीही येतो.

कुणी नाव-पत्ता विचारला की त्याआधी मी काय विचारायचं ते सांगते. तुमचं मूळ शिक्षण काय, नोंदणी आहे का? स्पर्श करता का, आणि मी नको म्हटलं तर? मध्येच थांबायचं असेल तर कसं सांगायचं? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? यातल्या एखाद्या प्रश्नावर समोरचा चिडला किंवा "विश्वास ठेवा, मग बघा" म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. आणि कुणाकडे जायचं हेच सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास, आणि पैसे लागत नाहीत.