एकच नाव, दोन चर्च आणि 1838ची नोंद

डब्लिनमध्ये मी परदेशस्थ आयरिश कुटुंबांना पूर्वजांच्या नोंदी शोधून देण्याचे काम करतो. मी मूळचा वसईचा, आणि धर्मग्राम (पॅरिश, एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) म्हणजे पोर्तुगीज काळापासून एकाच जागी उभे असलेले चर्च, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. त्याच समजुतीने एके दिवशी मला फसवले.

ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका वयस्कर बाई, खापरपणजोबांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) 1838 साली ‘सेंट ऑडोएन’ धर्मग्रामात झाला एवढ्या माहितीवर, सकाळीच हाय स्ट्रीटवरच्या त्या नावाच्या मध्ययुगीन चर्चमध्ये जाऊन डोळे पुसून आल्या होत्या. नॉर्मन लोकांनी सुमारे 1190मध्ये बांधलेली ती वास्तू सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’कडे गेली, आणि बाईंचे घराणे तर कॅथलिक. नोंद मात्र चटकन मिळाली. 1922मध्ये यादवी युद्धात फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागार जळाले, तेव्हा तिथे जमा केलेल्या प्रोटेस्टंट नोंदवह्यांची राख झाली. कॅथलिक वह्या धर्मगुरूंच्याच कपाटात राहिल्यामुळे वाचल्या आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म 2015मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या.

“तुमचे चर्च त्याच्या शेजारचे, मोठ्या खांबांचे,” असे मी बाईंना आत्मविश्वासाने सांगितले आणि त्या लगबगीने निघून गेल्या. अहवाल लिहिताना मात्र साल पुन्हा डोळ्यांसमोर आले आणि हात थांबला. पॅट्रिक बर्न या वास्तुविशारदाच्या त्या कॅथलिक चर्चचे काम सुरू झाले 1841मध्ये आणि ते उघडले 1846मध्ये, म्हणजे आयर्लंडच्या महादुष्काळात. मी दाखवलेले खांब तर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीचे. तारीख आधी आणि इमारत मागाहून, हा या कामातला पहिला धडा, आणि तोच मी विसरलो होतो.

मी फोन करून त्यांना परत बोलावले, चूक कबूल केली आणि समजावून सांगितले की कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या दंडक कायद्यांच्या काळात त्यांची उपासना आडगल्लीतल्या साध्या प्रार्थनागृहांत चाले, 1782मध्ये सवलत मिळाली तीही मनोरा आणि घंटा नसण्याच्या अटीवर, आणि 1829मध्ये कायद्याने कॅथलिकांची त्या निर्बंधांतून मुक्तता झाल्यानंतरच अशी भव्य चर्च मुख्य रस्त्यावर येऊ लागली. त्यांच्या पूर्वजाच्या डोक्यावर पाणी पडले ते या दोन्ही वास्तूंच्या बाहेर, कुठल्या तरी साध्या छपराखाली.

“म्हणजे आज मी दोन्हीकडे उगीचच गुडघे टेकले!” असे म्हणून त्या मनापासून हसल्या. मला मात्र हसू आले नाही.

मग त्यांनी ते पान पुन्हा उघडायला लावले. धर्मगुरूंनी खापरपणजोबांच्या ‘जेम्स’ या नावाचे लॅटिनमध्ये ‘जाकोबुस’ केले होते आणि खाली धर्मपिता व धर्ममाता यांची नावे होती. ती दोन्ही नावे बाईंनी, एकेक अक्षर माझ्याकडून तपासून घेत, आपल्या वहीत उतरवली.