आर्च कापायला आलेली एमएक्स-5

"मागचे दोन्ही आर्च कापायचेत, वरून फ्लेअर लावू," गाडीवाल्यानं येतानाच निकाल सांगितला. आर्च म्हणजे चाकावरची पत्र्याची कमान, फ्लेअर म्हणजे तिच्यावर बाहेरून लावायची रुंद पट्टी. गाडी पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-5, म्हणजे 1989 साली बाजारात आलेली दोन आसनांची छोटी मूर्ती. मूळची चाकं 14 इंची, रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (चाक बसतं त्या हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते अंतर) 45 मिलिमीटर, वर 185/60 टायर (रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के). त्यानं बसवली होती 15 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट 35 आणि 205/50. वळणावर मागून घासल्याचा आवाज येतो, शेजारी कोणी बसलं की जास्तच, अशी तक्रार.

त्याचा हिशेब असा, की टायर 20 मिलिमीटरनं वाढला, म्हणजे एका अंगाला 10. एवढ्यानं घासतो, तर आर्चच मुळात अरुंद असणार. हा हिशेब मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की आता फळ्यावर लिहूनच उत्तर देतो. रिम दीड इंचानं रुंद झाली, म्हणजे प्रत्येक अंगाला 19 मिलिमीटर. ऑफसेट 10 नं कमी झाला, म्हणजे सगळं चाकच तेवढं बाहेर सरकलं. रिमची बाहेरची कड 29 मिलिमीटर बाहेर आली, आतली मात्र जेमतेम 9 आत गेली. शिवाय टायरवरचा 205 हा आकडा ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेला असतो. रिम अर्ध्या इंचानं वाढली की टायरचं पोट साधारण 5 मिलिमीटरनं फुगतं. या मापाचा टायर साडेसहा इंची रिमवर मोजतात, त्यामुळे 7 इंचीवर तो 210 च्या आसपास भरतो. टायर बदलला असं सगळे म्हणतात. खरा बदल रिमचा असतो.

उंची वाढली होती ती किरकोळ. व्यास 578 वरून 586, म्हणजे त्रिज्या 4 मिलिमीटरनं जास्त.

इथवर सगळं नेहमीचं. गाडी लिफ्टवर घेतल्यावर मात्र मी थबकलो. डाव्या मागच्या आर्चचा काठ आतून घासून चकचकीत झाला होता, रंग गेलेला, टायरच्या खांद्यावर कंगव्यानं ओढल्यासारखी रेघ. उजव्या आर्चच्या काठावरची धूळसुद्धा जशीच्या तशी. रिम तीच, टायर तोच, ऑफसेट तोच. मालकानं दोन्हीकडचा आवाज धरला होता, कारण छप्पर उघडं ठेवून चालवताना आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही.

पहिला संशय जुन्या अपघाताचा. हबच्या मध्यापासून आर्चच्या काठापर्यंत दोन्हीकडे मापं घेतली, पत्र्याला आतून हात फिरवून पुट्टी चाचपली. फरक निघाला सूतभर. एवढा फरक जुन्या गाडीत असतोच, त्यावरून काही ठरत नाही.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं असतं आणि कंटाळा म्हणून कोणी करत नाही, ते केलं. दोन्ही मागचे शॉकॲब्सॉर्बर काढले, स्प्रिंगा बाजूला ठेवल्या आणि नुसते शॉक परत लावले. अँटी-रोल बारची, म्हणजे वळणावर गाडी कमी कलू देणाऱ्या दांडीची, लिंक सोडवली, चाक चढवलं आणि जॅकनं हळूहळू वर उचलत नेलं. उभ्या गाडीत फेंडर आणि टायर यांच्यामध्ये बोट घालून पाहण्याला फारसा अर्थ नाही. या गाडीला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं. चाक वर जातं तसा त्याचा माथा आत झुकतो. त्यामुळे उभ्या गाडीत बाहेर डोकावणारा टायर खड्ड्यात निमूट आत शिरतो. पण तो किती वर जातो, यावर सगळं अवलंबून.

उजवं चाक वर गेलं आणि थांबलं. डावं गेलं ते जातच राहिलं, उजव्यापेक्षा जवळजवळ 2 सेंटिमीटर जास्त, आणि टायर आर्चच्या काठाला टेकला. सहकाऱ्यानं शॉकवरचं रबरी बूट वर सरकवलं तेव्हा आतून पिवळट भुगा सांडला. बम्पस्टॉप, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणारा फोमचा ठोकळा, उरलाच नव्हता. स्पंजासारख्या त्या फोमचा वयानं चुरा होतो, तेल लागलं तर लवकरच. उजवीकडचा निम्मा शिल्लक होता, म्हणून ती बाजू वाचली. अरुंद टायर आर्चच्या पुष्कळ आत राहायचा, त्यामुळे चाक कितीही वर गेलं तरी कोणाला पत्ता लागला नाही. म्हणजे दोष आधीचाच, रुंद टायरानं फक्त चहाडी केली.

मालकाला मी तो भुगा दाखवला. तो म्हणाला, "मग कापायचं नाही?" मी म्हटलं, "कापलं असतंत, तरी शॉक आतून आपटतच राहिला असता."

नवे बम्पस्टॉप घातले आणि पुन्हा उचलून पाहिलं. आता डावीकडे जेमतेम सूतभर फट राहिली. पण ही फट जॅकवरची. वळणावर टायर बाजूला कलतो, ते जॅक दाखवत नाही. कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन, वाढवून भागेल का, असं मालकानं विचारलं. कागदावर एका अंशाला चाकाचा माथा 5 मिलिमीटर आत जातो. मात्र या गाडीत कॅम्बर खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या) बोल्टनं लावतात, त्यामुळे चाकाचा तळ बाहेर सरकतो आणि माथा होता तिथेच राहतो म्हटलं तरी चालेल. पकड सुधारते, जागा फारशी मिळत नाही. तरी दीड अंशाच्या जवळ दोन्ही बाजू सारख्या करून ठेवल्या, आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, तपासला. कॅम्बर हलवला की टो हलतोच.

उरलं काठाचं काम, तेही फक्त दुमडण्याचं. पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा आणि बोल्टवरचा, बिघडला तर बदलता येतो. मागे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे काठाशी वेल्ड केलेले असतात. तिथे ग्राइंडर चालवला की जोडच सुटतो आणि पाणी थेट पोकळीत. हीट गननं रंग हाताला चटका बसेल इतका तापवत, रोलर हळू फिरवत काठ आत वळवला. घाई केली की रंगाला बारीक तडे जातात, आणि गंज तिथूनच चालू होतो. जुना सीलर थोडा फुटलाच. तो खरवडून नवा भरला.

काठावर खडू लावून दोघं गाडीत बसलो आणि खडबडीत वळणांवर फिरवून आणली. मागे खडू शाबूत. पुढे मात्र स्टीअरिंग पूर्ण वळवून मागे घेताना लायनरला, म्हणजे फेंडरच्या आतल्या अस्तराला, टायर हलका लागत होता. लायनर तापवून मागे ढकलला, बाहेर डोकावणारा स्क्रू बसक्या डोक्याचा लावला.

जाताना मालकानं 8 इंची रिम आणि 225/45 चा विषय काढलाच. त्याच फळ्यावर खाली लिहून दिलं: ऑफसेट 35 च ठेवला तर कड आणखी 13 मिलिमीटर बाहेर, रिम पाहायचीच असेल तर आधी ऑफसेट विचारायचा. त्यानं फोटो काढून घेतला.