दोन भाषांची शिदोरी
बारावी झालेली भाची आज खानापूरहून पत्रकारितेची चौकशी करायला आली आणि 'टीव्हीवर दिसायला किती वर्षे लागतात?' या तिच्या पहिल्याच प्रश्नाने, वीस वर्षे बातम्यांच्या संपादनाच्या डेस्कवर बसून एकदाही न दिसलेल्या मला हसू आवरेना. तिला सांगितले की, ग्रामपंचायतीचे कन्नड परिपत्रक वाचून तासाभरात त्याची बिनचूक मराठी बातमी करणारा उपसंपादक बेळगावात कोणत्याही संपादकाला हवाच असतो आणि घरी मराठी, शाळेत कन्नड शिकलेल्या तिच्याकडे ही शिदोरी आधीच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये सुरू केलेले 'दर्पण'ही मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतच निघत असे. पदवीनंतर बातमीदारी, आकाशवाणी, जनसंपर्क, अनुवाद, तथ्यपडताळणी आणि यूपीएससीतून भारतीय माहिती सेवा, असे मार्ग आहेत. सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो, हेही मी लपवले नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव घेताच ताईने रोजच्या एसटीचा हिशोब मांडला. भाची मात्र माझ्या टेबलावरचे कन्नड पत्रक उचलून, पेन्सिलीने त्याचा मराठी मथळा लिहीत बसली होती. मथळा लांबला होता, पण चुकला नव्हता.