मक्यासाठी स्फुरद तपासून घेतला तेव्हा

मक्याची रोपं गुडघ्याला लागायच्या आतच पानांच्या कडा जांभळ्या पडत होत्या. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडल्याची ही खूण. जमीन गार असली तरी मका हा रंग दाखवतो आणि ऊब आली की पुन्हा हिरवा होतो. त्यामुळे नुसत्या रंगावरून खताची गोणी फोडायची नाही, पुढच्या पेरणीआधी माती तपासायची, असं ठरवलं.

यात खरं काम नमुन्याचं. प्रयोगशाळेत हलवायला घेतात ती माती जेमतेम अडीच ग्रॅम, आणि बोलणार ती अख्ख्या शेताच्या वतीने! नागमोडी चालत पंधरा-वीस जागा धरल्या. बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची जागा सोडली. इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल खड्डा, त्यातली माती बाहेर, मग एका कडेवरून वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा काप. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मागच्या पिकाला ज्या ओळीत पेरून दिला, तिथेच तो बसून असतो. म्हणून काही काप ओळीतले, बरेचसे ओळींच्या मधले घेतले. सगळी माती प्लास्टिकच्या बादलीत मिसळली, गोल पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरली. रिकाम्या खताच्या गोणीत नमुना नेणारे पाहिलेत. त्यापेक्षा न तपासलेलं बरं.

मातीत चुनखडीचे खडे दिसत होते, म्हणून नमुना देतानाच विचारलं, पद्धत कोणती? अशा जमिनीला ऑल्सनची पद्धत, म्हणजे 8.5 सामूचं (पीएच) सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. आम्लधर्मी जमिनीसाठीची ब्रे पद्धत इथे वापरली तर त्यातलं आम्ल चुनखडीच खाऊन टाकते आणि स्फुरद आहे त्याहून कमी दिसतो. पद्धतीचं नाव नसलेला अहवाल मी तरी हातात धरणार नाही.

अहवाल आला: सामू 8.2, उपलब्ध स्फुरद 7 पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत सात भाग. ऑल्सनच्या हिशेबात हे कमीच. पण हा आकडा नुसत्या स्फुरदाचा की पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे त्याच्या ऑक्साइडच्या हिशेबातला, हेही विचारून घ्यावं लागलं. खताच्या गोणीवर दुसरा छापलेला असतो, आणि पहिल्याला 2.29 ने गुणल्यावर तो मिळतो. शिवाय 7 पीपीएम म्हणजे जमिनीत एवढाच साठा, असंही नाही. एकूण स्फुरद कितीतरी जास्त असतो, पण चुन्याने बांधलेला. मुळांच्या वाट्याला येऊ शकेल त्याचा हा फक्त अंदाज.

खत शेतभर न फोकता पेरणीबरोबर बियाण्याच्या 5 सेंमी बाजूला आणि 5 सेंमी खाली दिलं. चुनखडीच्या मातीशी जेवढा कमी संबंध, तेवढा स्फुरद कोवळ्या मुळांना जास्त सापडतो. अगदी बियाण्याला खेटून मात्र नको, क्षारांनी उगवण मार खाते. पुढचा नमुनाही वर्षाच्या याच दिवसांत, याच पद्धतीने काढणार आहे. नाहीतर दोन अहवाल शेजारी ठेवून काही कळायचं नाही.