वरच्या लेआउटचं पाणी

परवा रात्री अडीचला आईनं उठवलं, म्हणे देवघरात पाणी आलंय. बघतो तर हॉलमध्ये घोट्याइतकं गढूळ पाणी आणि त्यात चपला तरंगायल्यात. पाणी कुठलं तर आमच्या वरच्या अंगाला गेल्या वर्षी जो नवीन एनए (बिगरशेती प्लॉटचा) लेआउट पडलाय त्याचं. आम्ही इथं संभाजीनगरला सातारा परिसरात अकरा वर्षं झाली राहतोय, डोंगराचा उतार आहे हे मान्य, पण आजवर घरात थेंब आला नव्हता.

तिथं आधी पाच एकराचं वावर होतं. काळी माती, उताराला आडवे बांध आणि मधून एक ओघळ. ज्या मामांचं ते वावर होतं ते अजून जवळच राहतात, सकाळी खराटा मारताना भेटले तर म्हणले, अरे तो बांध माझ्या आज्यानं घातलेला, पाणी अडायचं, जिरायचं न् राहिलं तर ओघळीनं जायचं. आता काळी माती ट्रॉल्या भरून विकली, खालच्या मुरमावर रोलर फिरवला, सिमेंटचे रस्ते केले आणि ओघळ बुजवून तिच्यावर प्लॉट पाडले, तीस बाय चाळीसचे. ओघळीच्या जागी दिलाय काय तर एक फुटी पाईप!

मी दुसऱ्या दिवशी रजाच टाकली होती तर बसून हिशोब केला. एक चौरस मीटरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, इतकं सोपं आहे. पाच एकर म्हणजे साधारण 20 हजार चौरस मीटर. तासाभरात 40 मिमी पडला (आपल्याकडं हल्ली असाच पडतो, महिनाभर गायब आणि मग एका रात्रीत सगळा) तर 8 लाख लिटर. वावर असताना पहिल्या पावसाचं बरंचसं पाणी भेगाळलेली जमीनच पिऊन टाकायची, काळी माती फुगून बंद झाली की मग वाहायला लागायचं, तेबी बांधावर थांबत थांबत. आता धरा पाऊण हिस्सा सरळ वाहतो, म्हणजे 6 लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर 60. एका तासात साठ टँकर आमच्या गल्लीत रिकामे करायलेत आणि मे महिन्यात त्याच गल्लीत एका टँकरसाठी आम्ही चार दिवस फोन लावत बसतो 😑

बरं इलाज काय फार अवघड आहे असंबी नाही. मोठ्या लेआउटला दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, इथं ती 2 हजार चौरस मीटर भरते. ती जागा फक्त दीड फूट खोल ठेवली असती तर 9 लाख लिटर पाणी मावलं असतं, अख्खा पाऊस! खाली एक बारीक पाईप द्यायचा, दिवसभरात हळूहळू उतरून जातं, काही जिरतं, दुसऱ्या दिवशी पोरं परत क्रिकेटला मोकळी. पण ह्यांनी ओपन स्पेस भर टाकून रस्त्यापेक्षा उंच केली, वर पेव्हर ब्लॉक आणि चार व्यायामाची मशिनं. ज्या शहरात मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नुसता उतार ओळखून नहर (जमिनीखालून पाण्याची वाट) आणली तिथं आपल्याला दीड फुटाचा खड्डा सुचंना.

लेआउटवाल्याला भेटलो तर तो म्हणतो, "साहेब पाणी उताराला जाणारच की, त्याला मी काय करू?" अरे पण जाणार ते कसं जाणार, किती जोरात जाणार हे तूच ठरवलंस ना राजा.

तोवर आपणच काहीतरी करावं म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावर शोषखड्डा घ्यायचं ठरलंय. एक गोष्ट कुणी करत असाल तर ध्यानात ठेवा, काळ्या मातीतच खड्डा थांबवला तर तो हौद होतो, शोषखड्डा नाही. मुरूम, फुटका खडक लागेपर्यंत खाली जायचं. आणि वर बांधकामं चालू असतील तर आधी एक छोटा गाळ बसायचा खड्डा लागतोच, नाहीतर वाळू न् मातीनं मेन खड्डा एका सीझनमध्ये गच्च होतो, आमच्या मेव्हण्याचा झाला तसा. आमच्या एका खड्ड्यानं साठ टँकर काय जिरत नसतात, पण निदान देवघर तरी वाचेल.

वर्गणी घरटी तीन हजार ठरली. एक जण नाही म्हणला, त्याचं जोतं चार फूट उंच आहे. रविवारी जेसीबी सांगितलाय, त्याच्या आत पाऊस आला तर खराटा दारामागंच ठेवलाय.